खाणकाम घ्यावं की भूविज्ञान? आधी कोअरची एक पेटी नीट पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या महाविद्यालयात ‘खाणकाम आणि भूविज्ञान’ अशा जोड अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय. पहिली दोन वर्षं सगळ्यांना एकच विषय, तिसऱ्या वर्षी खाण अभियांत्रिकी किंवा भूविज्ञान यांतलं एक निवडायचं. दगडगोटे लहानपणापासून आवडतात, गणित मात्र बेताचं. घरचे म्हणतात खाणकाम घे, नोकरी तरी लागेल. मैत्रीण म्हणते खाणी म्हणजे जमिनीचा नाश, त्यात कशाला पडतेस. आणि अगदी शेवटच्या ओळीत विचारलंय की मुलींना जमिनीखाली काम करू देतात का, आणि ते झेपतं का.

मी २३ वर्षं खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून काम केलंय. पहिली ९ वर्षं जमिनीखालच्या खाणींत, पुढची बरीचशी उघड्या खाणींत. आता नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना कोअर लॉगिंग, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाची नोंद करणं, शिकवते. त्यामुळे उत्तर सविस्तर होईल, आणि ते भूविज्ञानाच्या बाजूनं थोडं झुकलेलं असेल, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही विचारलंय की दोन्हींपैकी कशाला जास्त वाव आहे. पण तुमची सगळी हकीकत वाचल्यावर मला वाटतं की अडचण वेगळी आहे. दोन्ही शाखांत माणूस नेमकं करतो काय, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलंच नाही. ते कळलं तर निवड बरीच सोपी होईल. ‘वाव’ म्हणाल तर तो धातूंच्या भावावर, तुम्ही कुठल्या देशात काम शोधता त्यावर आणि घरापासून किती लांब राहायची तयारी आहे त्यावर ठरतो. मी शिकत होते तेव्हा खनिजांचा बाजार पडला होता आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी क्षेत्र सोडलं. पुढे ५-६ वर्षांत अशी तेजी आली की माणसं मिळेनात. अठराव्या वर्षी निवडलेल्या विषयाला बाविसाव्या वर्षी काय भाव असेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून त्या आधारावर निवडू नका.

आता मूळ मुद्दा. समजा डोंगराच्या पोटात तांब्याचं धातुक आहे. भूवैज्ञानिकाला विचारतात: ते कुठं आहे, किती आहे, कसं पसरलंय, आणि तू हे किती खात्रीनं सांगतेस? खाण अभियंत्याला विचारतात: ते बाहेर कसं काढायचं, कुठल्या क्रमानं, किती खर्चात, आणि आत गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी बाहेर कसा येईल? खडक दोघांचाही तोच. पहिल्याचं काम अपुऱ्या पुराव्यावरून चित्र उभं करण्याचं. दुसऱ्याचं काम त्या अपुऱ्या चित्रावर विसंबून प्रत्यक्ष बोगदा खोदण्याचं. पहिल्याला ‘अजून माहिती हवी’ असं म्हणण्याची मुभा जरा जास्त असते. दुसऱ्याला पुढच्या शिफ्टच्या आत ठरवावं लागतं.

हे दोन विषय एका छपराखाली असण्याला जुनं कारण आहे. आज स्लोव्हाकियात असलेल्या बान्स्का श्त्याव्निका या गावात १७३५ साली खाणकामाची शाळा निघाली, आणि जर्मनीतल्या फ्रायबर्गची खाण अकादमी १७६५ सालची. तिथं खनिजशास्त्रज्ञ आब्राहाम व्हेर्नर शिकवत असे आणि युरोपभरातून विद्यार्थी येत. खडकांचा शिस्तीत अभ्यास सुरू होण्यात खाणींचा फार मोठा हात आहे, कारण जमिनीच्या आत डोकावण्याची तेवढीच जागा होती. इंग्लंडचा विल्यम स्मिथ तर सर्वेक्षक. कोळशाच्या खाणीत उतरताना आणि कालव्याच्या खोदकामावर देखरेख करताना त्याच्या लक्षात आलं की थरांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात. त्यातून त्यानं १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. तो खाणकामवाला की भूवैज्ञानिक, हे ठरवणं अवघड आहे. तुमच्या महाविद्यालयानं पहिली दोन वर्षं एकत्र ठेवली आहेत ती याचसाठी, आणि ती फुकट घालवू नका. पुढे भूविज्ञान घेणार असाल तर या दोन वर्षांत खाणकामाचे विषय जास्त मन लावून करा, आणि खाणकाम घेणार असाल तर भूविज्ञानाचे. ज्या विषयाला पुढे शिक्षक मिळणार नाही तो आत्ताच शिकून घ्यावा.

असं का म्हणते ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. मी कोअर लॉग करत होते. कोअर म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेला खडकाचा लांबट दंडगोल. तो तुकड्यातुकड्यांनी पेट्यांमध्ये मांडलेला असतो आणि ड्रिलर प्रत्येक फेरीनंतर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहितो. दीड मीटरच्या एका फेरीत मला १.१ मीटर कोअर दिसला. ४० सेंटिमीटर नव्हता. वर करडा चुनखडक, खालीही तोच करडा चुनखडक. मी दोन्ही टोकं मनातल्या मनात जोडली आणि ‘चुनखडक, सलग’ असं लिहून पुढच्या पेटीकडे वळले. त्या दिवशी अजून ३० मीटर संपवायचे होते.

८ महिन्यांनी उतरता बोगदा त्या जागी पोहोचला. रात्री दोन शिफ्टच्या मधल्या वेळात छताचा मोठा भाग खाली आला. लोडर मशीन दगडांखाली गाडलं गेलं. त्या क्षणी तिथं कुणी नव्हतं, एवढंच नशीब. सकाळी आम्ही गेलो तेव्हा उघड्या पडलेल्या छतात हाताएवढ्या जाडीचा ओल्या चिकणमातीचा पट्टा तिरका जाताना स्वच्छ दिसत होता. तो फॉल्ट होता, प्रस्तरभंग. दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवर घासून त्याचं पीठ झालं होतं. ड्रिलिंगच्या पाण्यानं ते पीठ वाहून गेलं होतं आणि माझ्या पेटीत ४० सेंटिमीटरची रिकामी जागा उरली होती.

शिफ्टच्या अभियंत्यानं माझा लॉग काढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “मॅडम, हे ४० सेंटिमीटर गेले कुठं?” आवाज चढवला नाही. मला मात्र त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न आजतागायत माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कोअर सगळ्यात जास्त हरवतो तो खडक सगळ्यात कमकुवत असतो तिथंच. म्हणजे पेटीतली रिकामी जागा हाच त्या पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा होता. ‘४० सेंटिमीटर कोअर नाही, कारण अज्ञात’ एवढं जरी मी लिहिलं असतं तरी त्या अभियंत्यानं तिथं पोहोचण्याआधी जादा रॉक बोल्ट (छत धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या) आणि जाळी लावली असती. त्याला तो लॉग वाचता येत होता, आणि तो वाचून तो काय करणार हे मला माहीत नव्हतं. बोगद्याला आधार कसा देतात हा विषय मी महाविद्यालयात पास होण्यापुरता केला होता.

म्हणून अभ्यास कसा करावा याबद्दल माझा पहिला सल्ला वहीचा आहे. फील्डवर्कच्या वहीत डाव्या पानावर फक्त दिसतं ते लिहा: रंग, कणांचा आकार, थराची जाडी, कल, फटींमधलं अंतर, पाणी झिरपतं का. उजव्या पानावर वाटतं ते: हा फॉल्ट असावा, हा थर पलीकडच्या टेकडीतल्या थराचाच भाग असावा. मधली रेघ कधी ओलांडायची नाही. सुरुवातीला हे फार किचकट वाटतं, कारण आपलं मन निरीक्षणातच निष्कर्ष मिसळून टाकतं. ‘इथं लाव्हा थंड झाला’ हे निरीक्षण नव्हे. ‘काळसर, बारीक कणांचा, वरच्या भागात वाटोळी छिद्रं’ हे निरीक्षण. पुढे तुमचं मत बदलेल तेव्हा उजवं पान खोडता येईल आणि डावं तसंच कामाला येईल. मी आजही नव्या मुलांच्या वह्या तपासते तेव्हा आधी डावं पान पाहते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिसरी मिती. हे ज्याला जमतं त्याला दोन्ही शाखा जमतात, आणि ज्याला जमत नाही त्यानं लवकर सरावाला लागावं. साधं उदाहरण घ्या. ड्रिलिंगमध्ये धातुकाचा पट्टा १० मीटर लांबीभर मिळाला. बातमी पसरते की १० मीटर जाडीचा साठा सापडला. पण पट्टा आणि कोअरचा अक्ष यांच्यातला कोन ३० अंश असेल तर खरी जाडी १० गुणिले ३० अंशांची ज्या (साइन), म्हणजे ५ मीटरच. जाडी निम्मी झाली की साठ्याचा अंदाजही निम्मा होतो. ही शाळेतली त्रिकोणमिती आहे, पण कागदावर दिसणारा तिरकस पट्टा डोळ्यांसमोर उभा राहिला नाही तर सूत्र लावायचं सुचतच नाही. यासाठी पुठ्ठे कापून थरांच्या प्रतिकृती करा. एकाच थराला तीन वेगवेगळ्या ठिकाणी लागलेल्या बोअरहोलच्या खोलीवरून त्याचा स्ट्राइक (थर कुठल्या दिशेनं पसरलाय) आणि डिप (तो किती कललाय) काढण्याचं गणित हातानं, कागदावर, २०-२५ वेळा सोडवा. सॉफ्टवेअर ते क्षणात करून देतं. पण सॉफ्टवेअरला चुकीची खोली दिली तर ते चुकीचा थरही तितक्याच सुबकपणे काढून दाखवतं, आणि तो चुकलाय हे ओळखायला डोळा तयार असावा लागतो.

शिवाय बोअरहोल सरळ जात नाही. खडकाच्या थरांप्रमाणे तो वळत जातो. २०१० साली चिलीतल्या सान होसे खाणीत ३३ जण सुमारे ७०० मीटर खोल अडकले तेव्हा त्यांना शोधायला वरून भोकं पाडली गेली. आधीची कित्येक भोकं त्यांना चुकवून गेली. १७ व्या दिवशी एक भोक त्यांच्यापर्यंत पोहोचलं, आणि ६९ दिवसांनी सगळे जिवंत बाहेर आले. वर्गात बोअरहोलच्या सर्वेक्षणाचा कंटाळवाणा तास चालू असेल तेव्हा हे आठवा.

आता गणिताबद्दल. तुमची भीती मला समजते, पण ‘बेताचं’ म्हणजे काय यावर बरंच अवलंबून आहे. आकडेमोड हळू होत असेल तर काही बिघडत नाही. सूत्र कुठून आलं हे समजून घ्यायचा कंटाळा असेल तर मात्र दोन्हीकडे त्रास होईल. खाण अभियांत्रिकीत यांत्रिकी, द्रवांचा प्रवाह आणि कलन (कॅल्क्युलस) यांच्यापासून सुटका नाही. खाणीतल्या हवेचंच पाहा. हवेचा प्रवाह दुप्पट करायचा ठरवलं तर त्याच बोगद्यांतून ढकलायला दाब चौपट लागतो आणि पंख्याला शक्ती आठपट लागते. हे ज्याला माहीत नाही तो म्हणेल, अजून एक तसाच पंखा लावू, झालं. आणि कोळशाच्या खाणीत हा हिशेब चुकणं परवडत नाही, कारण हवेत मिथेनचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झालं की ती ठिणगीची वाट पाहत असते.

भूविज्ञानात गणित नसतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. तिथं संख्याशास्त्र लागतं, आणि भरपूर लागतं. डॅनी क्रिगे हा दक्षिण आफ्रिकेतला खाण अभियंता. सोन्याच्या खाणींत त्याला दिसत होतं की नमुन्यांवरून धातुकाचे जे ठोकळे सोन्यानं फार श्रीमंत वाटतात ते खोदल्यावर अंदाजापेक्षा गरीब निघतात, आणि गरीब वाटलेले जरा बरे निघतात. योगायोग म्हणून सोडून न देता त्यानं यामागचं संख्याशास्त्र शोधलं आणि १९५१ साली ते मांडलं. पुढे फ्रान्सचा गणितज्ञ जॉर्ज माथरॉन यानं त्याला पक्कं गणिती रूप दिलं आणि पद्धतीला क्रिगेचंच नाव दिलं: क्रिगिंग. आज साठ्याचा अंदाज असो, भूजल असो की मातीतलं प्रदूषण असो, सगळीकडे ती वापरतात. मला स्वतःला कलन कधी फारसं जमलं नाही, पण नमुना, सरासरी, विचलन आणि ‘दोन बिंदूंमधलं अंतर वाढलं की त्यांचं साम्य कसं कमी होतं’ या कल्पना इतक्या वेळा हाताळल्या की त्या अंगवळणी पडल्या. तुम्हीही पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा विषय निवडता येत असेल तर निवडाच.

दोन्ही शाखांना जोडणारं गणित किती साधं असू शकतं तेही सांगते. डॉन डीअर या अभियंत्यानं १९६० च्या दशकात खडकाचा दर्जा मोजायची एक रीत सुचवली. कोअरच्या फेरीत १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असे जे निरोगी तुकडे आहेत त्यांच्या लांबीची बेरीज करा, फेरीच्या एकूण लांबीनं भागा, टक्के काढा. दीड मीटरच्या फेरीत अशा तुकड्यांची बेरीज ९० सेंटिमीटर आली तर उत्तर ६० टक्के. याला आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन) म्हणतात. भागाकार पाचवीतल्या मुलालाही येईल. खरं कौशल्य हे ओळखण्यात आहे की तुकडा मुळात निसर्गतः तुटलेला होता की पेटीत ठेवताना ड्रिलरनं हातोडीनं तोडला. ताजा, खरबरीत, स्वच्छ तुटवा एक गोष्ट सांगतो आणि गंजाचा पातळ थर चढलेला गुळगुळीत तुटवा वेगळी. इथं खडकाची तुमची आवड उपयोगी पडते, आणि त्या आकड्यावरच पुढे अभियंता बोगद्याचा आधार ठरवतो.

इथवरचं एकत्र करून पाहा. पुराव्यातल्या फटी शोधत बसणं, एकाच खडकाच्या तीन शक्यता मनात धरून ठेवणं तुम्हाला आवडत असेल, तर भूविज्ञान. माणसं, यंत्रं, हवा, पाणी, स्फोटकं यांची रोज सांगड घालणं, आणि ‘आता पुरे, असं करू या’ असं म्हणून त्याची जबाबदारी घेणं तुम्हाला जमेल असं वाटत असेल, तर खाणकाम. गणिताच्या भीतीमुळे भूविज्ञान आणि नोकरीच्या भीतीमुळे खाणकाम, असं मात्र करू नका.

मैत्रिणीच्या आक्षेपाकडे येते. तो हलका नाही आणि मी तो झटकणार नाही. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या ॲबरफान गावावर कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा ढिगारा घसरला. १४४ जण गेले, त्यांतली ११६ मुलं होती. बहुतेक जण शाळेच्या वर्गांत होते. तो ढिगारा झऱ्यावर रचला होता, आणि ते झरे नकाशावर होते. कुणीतरी नकाशा उघडून पाहायला हवा होता. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योत लोहखाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि २७० माणसं गाडली गेली. असा गाळ पाण्यानं भिजलेला आणि सैल असला की वरकरणी घट्ट दिसतो आणि एका क्षणात द्रवासारखा वाहू लागतो. ही मृदा यांत्रिकी आहे, आणि ती अभ्यासक्रमात शिकवतात. या घटनेनंतर २०२० साली गाळसाठ्यांसाठी जागतिक मानकं आली.

आता दुसरी बाजू पाहा. १० एप्रिल २०१३ ला अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या उघड्या खाणीचा एक आख्खा उतार दोन टप्प्यांत खाली आला. दोन्हींमध्ये सुमारे दीड तासाचं अंतर होतं. इतका मोठा ढासळा खाणींच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. इजा कुणालाही झाली नाही. उतार सरकतोय हे मोजणारी यंत्रणा काही आठवडे आधीपासून सूचना देत होती, आणि ती वाचून निर्णय घेणारी माणसं जागेवर होती. त्यांनी खालून सगळ्यांना आधीच हलवलं होतं.

तारा, रुळ, मोटारी, दवाखान्यातली यंत्रं वापरणं आपण सोडणार नसू तर कुठंतरी खणलं जाणारच. तिथं चांगला माणूस असावा की नसावा, हा प्रश्न मी दरवेळी स्वतःला विचारते. तरीही तुमच्या मनाला पटलं नाही तर तेही योग्यच आहे, आणि त्यासाठी हा अभ्यासक्रम सोडायची गरज नाही. जुन्या खाणींतल्या गंधकयुक्त खनिजांवर, विशेषतः पायराइटवर, हवा आणि पाणी पोहोचलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ओढे-नाले वर्षानुवर्षं तांबूस, मृत होऊन वाहतात. ते थांबवणं, बंद खाणींची जमीन पुन्हा उभी करणं, भूजल, बोगदे, भूकंपाचा धोका, जमिनीतली उष्णता वापरून वीज: या सगळ्यांत हेच शिक्षण लागतं. खाणीचं दार न उघडताही या विषयात आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

शेवटच्या ओळीतला तुमचा प्रश्न मी शेवटच्या ओळीसारखा हाताळणार नाही. १९३५ च्या एका आंतरराष्ट्रीय करारानं स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई केली होती आणि पुष्कळ देशांनी ती आपल्या कायद्यात उतरवली. पुढे एकेक देश त्या करारातून बाहेर पडत गेला. तरी सगळीकडचे नियम सारखे नाहीत, त्यामुळे जिथं काम करायचं आहे तिथला आजचा कायदा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. झेपतं का? हो, झेपतं. शारीरिक कष्ट आहेत, पण ते उचलण्या-ओढण्याचे कमी आणि सोसण्याचे जास्त. दर किलोमीटरला खडकाचं तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं, त्यामुळे खोल खाणीत उकाडा आणि घाम असतोच. रात्रपाळी शरीराला जाणवते. मला याहून जास्त त्रास साध्या गोष्टींचा झाला: मापाचे बूट नसणं, खाली स्वच्छतागृह नसणं, आणि माझ्यासोबत आलेल्या पुरुषालाच प्रश्न विचारले जाणं. बूट मागून घेतले. स्वच्छतागृहासाठी लेखी अर्ज केला, दोनदा. तिसरी गोष्ट लॉग अचूक येऊ लागले तशी आपोआप कमी झाली, पण त्याला वेळ लागला आणि तो लागायला नको होता. बंद, अंधाऱ्या जागेची भीती मात्र वेगळी गोष्ट आहे. ती असेल तर त्यात लाज नाही, आणि ती पहिल्याच भेटीत कळते. म्हणून निवडीच्या आधी एकदा तरी खाली जाऊन या.

तेवढ्यासाठीच महाविद्यालयाला पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, पहिल्या दोन वर्षांत फील्डवर्कचे एकूण दिवस किती, आणि त्यात विद्यार्थी स्वतः नकाशा तयार करतात की शिक्षक दाखवतात तेवढं पाहून येतात. दुसरी, शाखा निवडायच्या आधी चालू खाणीत निदान एक पूर्ण शिफ्ट घालवायला मिळते का. तासाभराची सहल यात धरू नका. शिफ्टच्या सुरुवातीची सूचना-बैठक, ब्लास्टिंगनंतर धूर जाईपर्यंतची वाट पाहणं, आणि परत वर येतानाचा थकवा, हे सगळं पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

तिसरी, त्यांच्याकडे कोअरच्या पेट्या आहेत का. असतील तर परवानगी काढा, एक पेटी उघडा आणि तिच्यापाशी एकट्या दोन तास बसा. भिंग, पाण्याची बाटली, मोजपट्टी आणि वही बरोबर घ्या. कोअर ओला करा, म्हणजे रंग आणि रेषा उठून दिसतील. प्रत्येक फेरीची लांबी मोजा आणि ठोकळ्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. कुठं कमी भरली तर ती जागा डाव्या पानावर लिहा. मग त्या पानाचा फोटो मला पाठवा. काय काय पाहिलंत आणि काय सुटलं यावर आपण बोलू, आणि दोन तास कसे गेले हेही मला सांगा.